ट्रॅक्टरवरून आलेला पेशंट

माझ्या कामाला लागणाऱ्या वस्तू अशा: दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा तांब्या आणि दाराला आतून कडी. नारायणगावातल्या एका खासगी दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीमागे, मी अठरा वर्षं एवढ्याच भांडवलावर काढली. दारावर 'समुपदेशन' अशी पाटी होती. ती कोणी वाचायच्या भानगडीत पडलं नाही. लोक त्या खोलीला 'बोलायची खोली' म्हणत आणि मला 'बोलायच्या बाई'. आमच्या सासूबाईंना हे नाव फार पटलं. त्या म्हणायच्या, "घरात फुकट करते तेच तिथं पगार घेऊन करते."

खरं तर या धंद्यात बोलायचं असतं पेशंटनं. आपण ऐकायचं, मध्येच एखादा प्रश्न विचारायचा, आणि घरी करायला काहीतरी सोपं काम द्यायचं. कसली भीती वाटते, ती वाटल्यावर माणूस काय करतो, आणि ते केल्यानं भीती कमी होते की वाढते, एवढंच पाहायचं. पण नव्वदच्या दशकात आमच्या जुन्नर-आंबेगावात पेशंट एकटा येतच नसे. जीपभर माणसं येत. "तुम्हाला काय होतं?" असं मी पेशंटला विचारावं आणि उत्तर चुलत्याकडून यावं. सगळ्यांना बाहेर काढण्यात माझा पहिला अर्धा तास जायचा. त्यात मी मुळातच तापट. मन शांत कसं ठेवावं हे सांगणाऱ्या बाईचा आवाज बाहेर गेटपर्यंत ऐकू येतो, अशी डॉक्टरांची तक्रार असे. एवढं करून पेशंटला बरं वाटलं तरी निघताना तो दारात घुटमळायचा. "बाई, एवढ्या लांबनं आलो, एक सुई तरी टोचा." दंड दुखल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं कुणाला वाटायचंच नाही.

पेठेतले एक शेठ होते, घराणं मूळचं राजस्थानचं, पण मराठी आमच्यापेक्षा चोख. दुकानाचं कुलूप लावून घरी जायचे आणि लागलं की नाही म्हणून पुन्हा परत यायचे, असं सात-आठ वेळा. मी त्यांना सांगितलं, कुलूप लावा, एकदा ओढून बघा, मोठ्यानं "लागलं" म्हणा आणि मागं न बघता चालू पडा. शेठ शब्दाचे पक्के. रोज संध्याकाळी सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं "लागलं" म्हणायचे. हळूहळू समोरची भाजीवाली त्या हाकेवर आपली पाटी उचलायला लागली. एकदा शेठ परगावी गेले आणि मुलानं मुकाट्यानं दुकान बंद केलं, तर ही बाई रस्ता ओलांडून त्याच्याकडे आली. "शेठ, लागलं म्हणा की. मला घरी जायचंय." शेठ बरे झाले, पण ती हाक त्यांना बंद करता आली नाही.

मला सांगायचंय ते मात्र किसनभाऊंबद्दल. नाव बदललंय, बाकी काही बदललेलं नाही.

दवाखान्यासमोर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला तेव्हा आम्हाला वाटलं, कुठंतरी अपघात झाला. खाली उतरले ते पायजमा-टोपीतले धडधाकट किसनभाऊ, पन्नाशीच्या आतले, डिंगोऱ्याचे बागायतदार. ट्रॅक्टर त्यांचा पुतण्या चालवत होता आणि मडगार्डवर त्यांची मुलगी सुनंदा बसली होती, मांडीवर वही घेऊन. डिंगोऱ्याहून ओतूर, आळेफाटा करत अडीच तास असे आले होते.

"एसटी नाही मिळाली?" मी विचारलं.

"यष्टीला दार असतंय, बाई."

"मग?"

"ते बंद व्हतं."

आठ महिन्यांपूर्वी जुन्नरच्या बाजारातून परत येताना माणशी भाडं घेणारी, गच्च भरलेली वडापची जीप खिंडीत एका ट्रकमागं अडकली. त्यात किसनभाऊंची छाती धडधडायला लागली, हात बधिर झाले, घाम सुटला. आपण मेलो हे त्यांना नक्की कळलं. ते मेले नाहीत, यावर त्यांचा अजूनही पुरता विश्वास बसला नव्हता. तेव्हापासून जीप बंद, एसटी बंद, खिंड तर नावालाही नको. घरी असले तरी बोटं सतत मनगटावर, नाडी बघत. खताच्या पिशवीत हृदयाचे अकरा कागद घेऊन आले होते, निरनिराळ्या डॉक्टरांकडून काढलेले. पत्रिका दाखवाव्यात तसे एकेक पुढं ठेवत म्हणाले, "सगळे चांगलेच निघाल्यात." बोलताना चेहरा पडलेला.

अडचण अशी, की सुनंदाचं लग्न ठरलं होतं. मुलगा शिनोलीचा. त्याचा आजा अंथरुणाला खिळलेला, म्हणून लग्न मुलाच्या दारात करायचं ठरलं. म्हणजे डिंगोऱ्याहून निघायचं, खिंड ओलांडून जुन्नर आणि तिथून घोडेगाववरून शिनोली. हातात सहा आठवडे होते.

"मी दोन दिस आधी ट्रॅक्टरवर निघतो ना, लांबनं," किसनभाऊ म्हणाले. त्यांनी मुक्काम कुठं करायचा हेसुद्धा ठरवलं होतं.

तेव्हा सुनंदा पहिल्यांदा बोलली. "आबा गाडीत न्हाई बसले तर मी बी बसायची न्हाई. मला माझ्या शेजारी आबा पायजेत."

मी माझ्या कागदावर लिहिलं, 'मुलीचा आधार चांगला.' आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पहिल्या दिवशी मी त्यांना कुत्र्याची गोष्ट सांगितली. दारातलं कुत्रं चोर आला तरी भुंकतं आणि पाहुणा आला तरी भुंकतं. छातीतली धडधड तशीच असते. कुत्रं वाईट नाही, फक्त त्याला ओळख पटलेली नाही. त्याला मारायला धावलं, की ते जास्त भुंकतं. धडधडीला घाबरलं, की धडधड वाढते. किसनभाऊंनी विचार केला आणि म्हणाले, "म्हंजी माझं कुत्रं मलाच भुकतंय." इतकं थोडक्यात मला आमच्या कॉलेजातल्या सरांनीही सांगितलं नव्हतं.

मग रोजच्या सवयी. चहा किती पिता? "दोन-तीन." वहीत बघून सुनंदा म्हणाली, "चौदा." चहा चारवर आणला. पहाटे बांधाबांधानं तासभर चालायचं. नाडी दिवसातून एकदाही बघायची नाही. धडधडलं तर चार मोजत श्वास आत घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा. आणि काळजी दिवसभर करायची नाही. ठरावीक वेळी, ठरावीक जागी, अर्धाच तास. इतर वेळी मनात आली तर तिला सांगायचं, तुझी वेळ झाली की ये.

हे शेवटचं त्यांना फार आवडलं. "म्हंजी पाळी," ते म्हणाले. त्यांच्या विहिरीवर चार भाऊबंदांचा हक्क होता आणि मोटर चालवायला प्रत्येकाची वेळ ठरलेली. दुसऱ्याच्या पाळीला बटण दाबलं तर डोकी फुटायची. माणसं आयुष्यभर असं वागत आलेली, त्यांना ही गोष्ट शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळली, याचा मला केवढा अभिमान वाटला.

अभिमान पंधरा दिवस टिकला. तिसऱ्या खेपेला सुनंदा हळूच म्हणाली, "बाई, आबांची पाळी जरा वाढलीया. तुमी एकदा बघून जा."

मी गेले. संध्याकाळी पाच वाजता किसनभाऊंच्या ओट्यावर सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर अकरा माणसं काळजी करत बसलेली. विहिरीच्या वाट्यातले तीन भाऊबंद आले होते, कारण त्यांचं म्हणणं, पाळी म्हटल्यावर आमचाही हक्क. मग शेजारी आले. एकाचा जावई दारू पीत होता, एकीची म्हैस आटली होती, एका म्हाताऱ्याला आपण मेल्यावर दहाव्याला कावळा शिवेल का, याचा घोर लागलेला. एकेकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी "लई वाईट" म्हणायचं. मध्ये बसून किसनभाऊ सगळ्यांची काळजी करत होते.

"किसनभाऊ, ही तुमची वेळ होती," मी आवाज चढवला. "तुमची. एकट्याची."

"एकट्यानं कशी करायची वो?" ते म्हणाले. "मान्सात बसल्याबिगर काळजी व्हतीय व्हय?"

मी ती सभा मोडणार होते. तेवढ्यात कावळ्याचा घोर लागलेल्या म्हाताऱ्याला किसनभाऊ म्हणाले, "नाना, तुमास्नी मरायची भीती न्हाई. मागं तुमची याद कुनी काढंल का, ह्याची भीती हाय." नाना म्हणाले, "व्हय रं किसन." मी उघडलेलं तोंड मिटलं. हे वाक्य काढायला मला चार खेपा लागल्या असत्या. सभा राहू दिली, फक्त अर्ध्या तासाचा नियम कडक केला आणि चहावर बंदी घातली. चहाबंदीनं सहा माणसं कमी झाली.

मग जीप. भीतीची गोष्ट एकदम करायची नाही, पायरी-पायरीनं करायची, असा आमच्याकडचा नियम आहे. पहिली पायरी, गावच्या स्टँडवर उभ्या जीपमध्ये दार उघडं ठेवून नुसतं बसायचं. जीप सोपानची. वडापची जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि रिकाम्या जीपमध्ये पहिल्यांदा कोणी बसत नाही, ही आमच्या भागातली जुनी रड. किसनभाऊ पुढच्या सीटवर बसले, की लोकांना वाटायचं, गाडी निघाली. भराभर मागं चौदा जण भरायचे. सोपान स्टार्टर मारायचा आणि किसनभाऊ शांतपणे खाली उतरायचे. चार दिवस लोकांनी सहन केलं. पाचव्या दिवशी एक जण ओरडला, "भाऊ, बसायचं तर बसा, न्हाईतर हे उठबशा काढणं बंद करा." सोपानला मात्र हा माणूस देव वाटायला लागला. त्याच्या खेपा वाढल्या. त्यानं खूश होऊन किसनभाऊंना रोज चहा पाजायला सुरुवात केली. मला कळल्यावर मी सोपानलाही झापलं.

चौथ्या आठवड्यात किसनभाऊ फाट्यापर्यंत गेले. पाचव्यात खिंडीच्या तोंडापर्यंत. तिथं धडधडलं, ते उतरले नाहीत, सहा मोजत राहिले आणि धडधड आपोआप उतरली. सहाव्या आठवड्यात खिंड ओलांडून जुन्नरला जाऊन आले, दोन वेळा. प्रत्येक वेळी सुनंदा शेजारी होती. वहीत तिनं लिहिलं होतं, 'आज आबा हसले.' मी फार खूश होते.

लग्नाला मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. सोपानच्या जीपमध्ये पुढं किसनभाऊ आणि त्यांच्या शेजारी नवरी. मागं मी, किसनभाऊंची बायको हौसाबाई, सुनंदाचा मामा आणि आणखी चार बायका. वऱ्हाडाचा टेंपो मागून येत होता. मुहूर्त साडेबाराचा. खिंड जवळ आली. सगळे किसनभाऊंच्या मानेकडे बघत होते. मी मनात त्यांच्याबरोबर मोजत होते, चार आत, सहा बाहेर.

"गाडी थांबवा."

सोपाननं ब्रेक मारला. हौसाबाई म्हणाल्या, "झालं का वो पुन्यांदा तुमचं?"

"मी न्हाई बोललो," किसनभाऊ म्हणाले.

बोलली होती ती सुनंदा. अंगावर हळदीची साडी, कपाळावर मुंडावळ्या, आणि चेहरा पांढराफटक. "मला उतरायचंय," एवढंच ती म्हणत होती.

किसनभाऊ खाली उतरले, तिला हाताला धरून उतरवलं आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं. मी घाईघाईनं मागून उतरले. अठरा वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाची इतकी गरज कधी पडली नसेल. किसनभाऊंनी हात वर केला.

"बाई, तुमी बसा गाडीत. हे माझ्याकडचं हाय."

मी तिथंच उभी राहिले.

"तोंडाला कोरड पडलीया?" त्यांनी तिला विचारलं.

"व्हय."

"हातपाय गार? आपन आता मरतोय असं वाटतंय?"

"व्हय, आबा."

"न्हाई मरत. मी लई येळा बघितलंय मरून." मग तेही तिच्याशेजारी खाली बसले. "बोल. कशाची काळजी वाटती?"

मागं टेंपो येऊन थांबला. मामा घड्याळ दाखवत ओरडायला लागला, मुहूर्त टळेल, लोक नावं ठेवतील. किसनभाऊंनी त्याच्याकडे मानही वळवली नाही. "पोरीची पाळी चाललीया," ते म्हणाले. "अर्धा तास. मग निघू."

आणि सुनंदा बोलली. ते घर कसं असेल माहीत नाही. सासूला आपली भाकरी आवडेल का? तिथं आजारी म्हातारा आहे, त्याचं सगळं आपल्यालाच करावं लागणार, जमेल का? रात्री उठून पाणी प्यायलं तर चालतं का तिथं? लग्न ठरल्यापासून झोप नाही. कुणाला सांगणार, आई लग्नाच्या धांदलीत, आबा आजारी. "म्हनून म्हनलं, निदान तुमी शेजारी बसा."

मी ऐकत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा आठवडे ही पोर माझ्यासमोर खुर्चीवर बसत होती. बापाचे चहा मोजत होती, बापाची झोप लिहीत होती. तिला झोप लागते का, हे मी एकदाही विचारलं नाही. दोनच खुर्च्या असल्यामुळे ती येईल तेव्हा मी एक्स-रेतून तिसरी मागवायची. ती खुर्ची मी कुणासाठी मागवतेय, याचा विचार केला असता तरी पुरे होतं.

किसनभाऊंनी तिला एकही उपदेश केला नाही. फक्त पाण्याचं विचारलं तेव्हा म्हणाले, "तांब्या उशाशी घेऊन झोपत जा. कुनी काय म्हनलं तर म्हणावं, माझ्या बापानं सांगितलंय." ती हसली. मग रडली, मग पुन्हा हसली. वीस मिनिटांनी ती स्वतः उठून गाडीत बसली. किसनभाऊ तिच्यामागून चढले आणि दार त्यांनी स्वतः लावून घेतलं. मुहूर्त टळला. भटजींनी दुसरा काढून दिला. भटजी लोकांकडे तशी सोय असते.

दुपारी जेवणं झाली. मी पोटभर जेवले, दोनदा मठ्ठा घेतला आणि आपलं काम फत्ते झालं, अशा समाधानात मांडवात बसून राहिले. सूर्य कलल्यावर निघायची वेळ झाली. एरवी लेक बापाच्या दारातून जाते. इथं लग्न मुलाच्या दारात, त्यामुळे ती दारात उभी राहिली आणि तिला ठेवून आम्हीच निघालो. जीप सुरू झाली आणि माझं लक्ष पुढच्या सीटकडे गेलं. किसनभाऊंच्या शेजारची जागा रिकामी होती. मागं आम्ही दाटीवाटीनं बसलो होतो, पण तिथं कुणीच जाऊन बसलं नव्हतं.

सगळा सराव आम्ही सुनंदाला शेजारी धरून केला होता. सोबतीचं माणूस हळूहळू काढून घ्यायचं असतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. जायचं कसं एवढंच मी त्यांना शिकवलं होतं. परत यायचंय, तेही तिच्याशिवाय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जुन्नर मागं पडलं. खिंडीचा चढ सुरू झाला आणि किसनभाऊंचा हात छातीवर गेला. मी सोपानच्या खांद्याला हात लावून ठेवला, गाडी थांबवायला लागली तर म्हणून.

"किसनभाऊ, धडधडतंय का?"

त्यांनी हात छातीवर तसाच ठेवला. आत काय चाललंय ते नीट बघत असावेत.

"न्हाई बाई. छाती लई भरून आलीया. पन ह्यो त्यो झटका न्हाई. लेक ठिवून आलोय, त्याचं हाय हे."

"थांबू या का थोडं? श्वास मोजू या?"

"नको," ते म्हणाले. "ह्याच्यावर इलाज करायचा न्हाई. दुखू द्या."